तीनदा उसवलेला कोट

अण्णाचं दुकान महिनाअखेरीस रिकामं करून द्यायचं आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर चार दिवसांनी वहिनी म्हणाली, "मला त्या दाराशी जाववत नाही. तूच बघ." तेव्हापासून मी रोज सकाळी दहाच्या सुमाराला जाते, शटर अर्धं वर करते आणि आत बसते. काम म्हणावं तसं होत नाही. एक खोका भरला की थकवा येतो. मग खडूचे तुकडे एका डब्यात, बटणं दुसऱ्या डब्यात, असं काहीतरी करत राहते. त्याला अर्थ नाही हे कळतं, तरी करते.

अण्णा माझा थोरला भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. म्हैसूरच्या मार्केटमागच्या गल्लीत वडिलांनी घातलेलं हे शिंप्याचं दुकान त्यानं जन्मभर चालवलं. मी भौतिकशास्त्र शिकले आणि जन्मभर एका कणाच्या मागे राहिले. तो कण मिळाला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशा धरायला नको.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी दांडी आहे. शिवून झालेले पण कुणी न्यायला न आलेले कपडे तिच्यावर लटकतात. अण्णा ते कधी विकायचा नाही, कुणाला द्यायचाही नाही. "ज्याचं माप त्याचा कपडा," म्हणायचा. सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून, माझा राखाडी लोकरीचा कोट आहे. रोज त्याच्यासमोर बसते आहे, म्हणून त्याच्याविषयीच लिहिते.

आमचं कुळ विठ्ठलाला मानणारं. कधीकाळी पोटापाण्यासाठी कुणी पूर्वज इथं उतरला आणि राहिला. घरातली मराठी निम्मी कानडी. मी जी मराठी लिहिते ती पुस्तकांतून शिकलेली आहे. आमच्या विठ्ठलाच्या देवळाच्या माडीवर एक कपाट होतं, त्यातली पुस्तकं मी एकेक करून संपवली. अण्णाला माझं लिहिणं कृत्रिम वाटायचं. "पुट्टी, तू पत्र लिहितेस की पोथी?" असं त्यानं एकदा उलट टपालानं विचारलं होतं. पुट्टी म्हणजे कानडीत धाकटी, लहानगी. साठी जवळ आली तरी मी त्याची पुट्टीच होते.

लहानपणी शाळेतून आले की दुकानात बसून कच्चे धागे काढायचं काम माझ्याकडे असे. वडील कापड बेतायचे तेव्हा मी बघत असे. मापापेक्षा दोन बोटं कापड ते नेहमी जास्त ठेवायचे आणि शिवणीच्या आत दुमडून टाकायचे. "माणूस आहे तेवढाच राहत नाही," म्हणायचे. पुढे तो माणूस सुटला की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं, पुन्हा टाका मारायचा. पण त्यालाही मर्यादा होती. एक कपडा तीनदाच उसवायचा. चौथ्यांदा कुणी आणला तर वडील हात जोडायचे. गिऱ्हाईक कितीही जुनं असो.

मला त्यातलं पहिलं तेवढं लक्षात राहिलं. आत कापड ठेवावं, एवढंच.

मी काय शोधते हे अण्णाला सांगितलं तेव्हा मी बंगळूरला संशोधन करत होते. सुट्टीला आले होते. तो काज करत होता, मी समोरच्या स्टुलावर. म्हटलं, आकाशगंगेच्या कडेचे तारे फार वेगानं फिरतात. जेवढा पदार्थ दिसतो तेवढाच असता तर ते केव्हाच बाहेर फेकले गेले असते. म्हणजे त्यांना धरून ठेवणारं, न दिसणारं असं पुष्कळ काही तिथं आहे. त्याला डार्क मॅटर म्हणतात. ते कसल्या कणांचं असेल, हे आम्ही कागदावर मांडतो.

त्यानं सुई थांबवली. "म्हणजे माप आलंय. माणूस आला नाही."

"हो. तसंच."

"आणि तू कोट शिवतेयस."

"हो."

"अय्यो." त्यानं दांडीकडे बोट केलं. "माणूस न बघता शिवलेले ते बघ. एकाचा मामा माप घेऊन आला होता, चिठ्ठीवर. नवरदेव कोण, कुठला, काही माहीत नाही. मी मूर्खासारखा शिवला. अजून लटकतोय."

"आमचं गिऱ्हाईक येईल."

"आलं की सांग. खुर्ची पुसून ठेवतो."

तेव्हापासून मी घरी आले की तो मान वर न करता विचारायचा, "सिक्ता?" सापडलं का? आणि मी म्हणायची, "इन्नू इल्ला." अजून नाही. वहिनी आतून म्हणायची, "दरवर्षी स्थळ सांगून येतं आणि मुलगा घरी नसतो!" मी लग्न केलं नाही, त्यामुळे हा टोमणा दोन्हीकडे लागायचा. सगळे हसायचे, मीही.

पदवी मिळाल्यावर मला युरोपात तीन वर्षांसाठी बोलावणं आलं. कोट अण्णानं तेव्हा शिवला. आम्हाला लोकरीच्या कोटाची काय माहिती! म्हैसुरात तो लागतो कुणाला? त्यानं एका जुन्या इंग्रजी मासिकातलं चित्र समोर ठेवून बेतला आणि दोनऐवजी तीन बोटं कापड आत ठेवलं. "तिथं लोणी खाशील," म्हणाला. तो कोट घालून मी एका परक्या गावात पहिल्यांदा फळ्यासमोर उभी राहिले.

तिथंच माझा पहिला, आणि खरं तर एकुलता एक, मोलाचा शोधनिबंध लिहून झाला. त्यात मी एक नवा कण सुचवला होता. तो किती जड असेल आणि साध्या पदार्थाला किती क्वचित धडकेल, हे समीकरणांवरून निघत होतं. पण ते आकडे मी घट्ट बांधले नाहीत. सैल ठेवले. मुद्दाम. प्रयोग करणाऱ्यांना उद्या काही वेगळं दिसलं तर सिद्धांत थोडा वाढवता यावा, म्हणून आत कापड ठेवलं. शिंप्याच्या मुलीनंच करावी अशी ती चूक होती. मला मात्र त्या वेळी तो शहाणपणा वाटला, आणि इतरांनाही वाटला. लोकांनी निबंध वाचला, वापरला. त्याच्या जोरावर मला म्हैसुरात नोकरी मिळाली. मी परत आले, घराच्या माडीवरच्या खोलीत राहू लागले.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगणं अवघड आहे, कारण त्यांत घडलं काहीच नाही. जमिनीखाली खोल खाणींत लोकांनी डिटेक्टर बसवले. वर्षानुवर्षं वाट पाहायची की एखादा न दिसणारा कण येऊन आतल्या अणूला धक्का देईल. निकाल एका आलेखावर काढतात. एक वाकडी रेघ असते. रेघेच्या वर कण नाही, हे ठरलं. रेघेच्या खाली असेल तर असेल. दर काही वर्षांनी आणखी मोठा डिटेक्टर येई आणि रेघ खाली सरके. माझा कण त्या आलेखावर एका ठिपक्यासारखा होता. रेघ ठिपक्यावर आली की मी ठिपका खाली न्यायची.

पहिल्यांदा मी म्हटलं, तो आणखी क्वचित धडकत असेल. दुसऱ्यांदा म्हटलं, तो आणखी जड असेल. तिसऱ्यांदा त्याला एक जोडीदार कण दिला, म्हणजे गणित पुन्हा जुळलं. प्रत्येक वेळी एक निबंध झाला. प्रत्येक निबंध आधीच्यापेक्षा कमी लोकांनी वाचला. युरोपात कण एकमेकांवर आदळवणारं मोठं यंत्र चालू झालं तेव्हा आम्ही सगळे पहाटेच्या गाडीला उभं राहिल्यासारखे ताटकळलो होतो. त्यातूनही आमच्या कामाचं काही आलं नाही. माझ्याबरोबर सुरुवात केलेले बरेच जण दुसऱ्या विषयांकडे वळले. मी वळले नाही. हट्ट होता असं नाही. थकलेल्या माणसाला रस्ता बदलण्याचेही कष्ट वाटतात.

कोटही त्या काळात तीनदा उसवला गेला. परत आल्यावर घरच्या भातानं, मग आईच्या आजारपणात रात्रंदिवस बसून राहिल्यानं, मग नुसत्या वयानं. अण्णा कोट उलटा करायचा. शिवण उसवायचा, वाफेची इस्त्री द्यायचा, टाका मारायचा.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना माझ्याकडे शेवटची विद्यार्थिनी होती. कृष्णराजनगरजवळच्या खेड्यातली. वडिलांची भातशेती. मुलगी बारीक अंगाची, बोलायला कमी, गणितात पक्की. तिच्या प्रबंधासाठी मी तिला माझाच कण दिला होता. तिची शिष्यवृत्ती वर्षभरात संपणार होती. तोवर तिच्या हातात स्वतःचा म्हणावा असा निकाल यायला हवा होता. नाहीतर चार वर्षांचं काम तसंच सोडून गावी परतायचं. घरी स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

त्या पावसाळ्यात नव्या डिटेक्टरचा निकाल आला. रेघ माझ्या ठिपक्याच्या खाली गेली. मी मुलीला बोलावलं आणि सांगितलं, "जोडीदार कणाला आणखी एक सैल आकडा देऊन बघ. जागा निघेल."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "हो, मॅडम."

मला ते "हो" ऐकताना काही खटकलं नाही. इतकी वर्षं शिकवलं, तरी खटकलं नाही.

अण्णाचा श्वास त्याच सुमाराला बिघडला. जन्मभराची कापडाची धूळ, असं डॉक्टर म्हणाले. तो घरी बसेना. सकाळी दोन तास दुकानात येऊन खुर्चीत बसायचा, टेप गळ्यात घालून. मला डिसेंबरात एका थंड देशातल्या सभेला जायचं होतं. कोट घातला तर बटण लागेना. घेऊन गेले त्याच्याकडे.

त्यानं कोट दाराच्या उजेडात नेला. अस्तर उलटं केलं, चार टाके कापले.

"इथं बोट फिरव."

फिरवलं. बारीक भोकांच्या तीन रांगा लागल्या, एकाखाली एक.

"जुन्या टाक्यांची भोकं. इस्त्रीनं जात नाहीत. आता कापड संपलं, पुट्टी. आत काही नाही."

"अर्धं बोट तरी निघेल."

"निघेल की. आणि तू तिथं फळ्यावर लिहायला हात वर केलास की मागनं टर्र. सगळे गोरे बघत बसतील. तुझा कण राहिला, तूच दिसशील."

"अण्णा, थट्टा नको. वेळ नाही मला."

"थट्टा नाही." त्याला धाप लागली. थांबला. "बाबांनी तीनदाच सांगितलं होतं. त्यापुढे कापडावर जुलूम होतो."

"मग काय करू?"

"शाल घे." मग कोट घडी करता करता म्हणाला, "हा मोठा होणार नाही आता. लहान मात्र करता येईल. लहान केला की भोकं शिवणीच्या आत जातात, कुणाला दिसत नाहीत. बारीक पोरगी बघ एखादी."

मी चिडून कोट तिथंच टाकून आले. त्यानं तो दांडीवर लावला. तेव्हा माझ्या डोक्यात काही उजेड वगैरे पडला नाही. मला फक्त थंडीची काळजी होती, आणि अण्णाच्या छातीतल्या आवाजाची.

नंतरच्या आठवड्यात मुलीचे वडील विभागात आले. पहिल्या बसनं निघाले असावेत. पांढरा शर्ट, धुतलेला पंचा, आणि पायाशी नव्या तांदळाचं पोतं. बसा म्हटलं तर बसेनात.

"अम्मा, आमच्या शेतातला आहे," ते कानडीत म्हणाले. "मुलगी तुमच्याविषयी फार चांगलं बोलते."

"एवढं कशाला आणलंत?"

"सुम्ने. उगाच, मनाला वाटलं म्हणून." मग हळू आवाजात म्हणाले, "तिचं ते सापडेल ना, अम्मा, या वर्षात? घरात सगळे विचारतात. मला सांगता येत नाही. मी म्हणतो, मॅडम आहेत."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी धीराचं बोलले असेन. ते गेल्यावर पोतं शिपायानं कोपऱ्यात सरकवलं आणि मी त्या पोत्याकडे बघत बसले. दुपारी मुलीला बोलावलं.

"कुठवर आलं?"

"चालू आहे, मॅडम."

"वही दाखव."

तिनं वही पुढे केली, पण सोडेना. मी हातातून घेतली. अलीकडची पानं मी सांगितलेल्या गणितानं भरलेली होती. मागे जाता जाता एक दुमडलेलं पान लागलं. त्यावर पेन्सिलनं एक आलेख होता. वरून प्रयोगाची रेघ खाली आलेली. खालून दुसरी रेघ वर चढलेली. कण फारच क्वचित धडकत असेल तर विश्वाच्या आरंभीचे एवढे कण शिल्लक राहिले असते की आज आहे तसं विश्व दिसलंच नसतं, त्याची ती रेघ. दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या. मध्ये जागा उरली नव्हती. कितीही सैल आकडे दिले तरी उरत नव्हती, हे पुढच्या चार पानांत तिनं नीट सिद्ध केलं होतं.

"हे कधी केलंस?"

"उगादीच्या आधी. तेव्हाच्या जुन्या रेघेवरूनच."

"पाडव्याला? म्हणजे आठ महिने झाले. बोलली का नाहीस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो तुमचा कण आहे, मॅडम. मी कसं सांगू?"

मी ती चार पानं तीनदा वाचली. चूक शोधत होते, हे कबूल करते. संध्याकाळपर्यंत शोधली. एका ठिकाणी सापडल्यासारखी वाटली तेव्हा मला झालेला आनंद आठवला की आजही लाज वाटते. ती चूक नव्हती. आणि तिच्या गणितात नव्हतंच असं एखादं ठिगळ लावून आणखी जागा काढता आली असती, हेही खरं आहे. माझ्या हातात तेवढं कसब होतं. अर्धं बोट निघालं असतं. तेवढ्यात दांडीवरचा कोट माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि त्याच्या आत फिरवलेलं माझंच बोट.

मी तिला म्हटलं, "मी सांगितलेलं ते गणित फाडून टाक. ही चार पानं हाच तुझा प्रबंध."

"पण यात काही सापडलं नाही, मॅडम."

"तो तिथं नाही, हे सापडलं. मी इतकी वर्षं तिथंच बोट दाखवत होते."

निबंध आम्ही दोघींनी मिळून लिहिला. तिचं नाव आधी, माझं नंतर. माझ्याच कणाला मूठमाती देणारा निबंध मी आयुष्यातल्या कुठल्याही निबंधापेक्षा सावकाश लिहिला. सभेला गेले नाही. अण्णा तोवर अंथरुणाला खिळला होता, नाकाशी नळी.

निबंध पाठवून झाला त्या दुपारी अण्णाजवळ जाऊन बसले. वहिनी पेज घेऊन आली. त्यानं डोळे उघडले, सवयीनं विचारलं, "सिक्ता?"

"नाही, अण्णा. मी म्हणत होते तिथं तो नाहीच. आता पक्कं झालं."

त्यानं पेजेची वाटी बाजूला सारली. "कुणी सांगितलं?"

"माझ्या विद्यार्थिनीनं काढलं. मग मीही लिहून दिलं."

"स्वतः कात्री लावलीस?"

"हो."

"हात थरथरला?"

"हो."

"थरथरतो," तो म्हणाला. मग वहिनीकडे बघून, "ऐकलंस का, ते स्थळ मोडलं."

वहिनी म्हणाली, "बरं झालं. एवढी वर्षं ताटकळत ठेवलं मेल्यानं." आणि तिघंही हसलो. त्याला हसताना खोकला आला, तो लवकर थांबला नाही. त्यानंतर तो तीन आठवडे होता. पुन्हा कधी त्यानं विचारलं नाही. मला त्या प्रश्नाची इतकी सवय झाली होती की विचारलं नाही तेव्हाच कळलं, तो आता जाणार.

मुलीला पदवी मिळाली. तो निबंध लोकांनी वाचला. माझ्या मधल्या सगळ्या निबंधांपेक्षा जास्त. त्यावरून तिला उत्तरेकडच्या एका थंड शहरातून दोन वर्षांचं बोलावणं आलं आहे. ती तिथं दुसराच कुठला तरी कण शोधेल, किंवा कणच नाही असं म्हणणाऱ्यांत जाईल. मी काही सुचवलेलं नाही.

काल तिला दुकानात बोलावलं. दांडीवरचा कोट काढला, झटकला, तिच्या अंगावर चढवला. ती त्यात हरवली. मी अण्णाचा टेप गळ्यात घातला, टाचण्या तोंडात धरल्या. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घ्यावी लागली. आज सकाळपासून मशीनवर बसले आहे. नजर पोचत नाही, सुईत दोरा ओवायला तीन खेपा लागतात. पण शिवण सरळ आली. तीनही रांगा आत गेल्या. जास्तीचं कापड मी कापलं नाही, आतच दुमडून ठेवलं.

दुपारी ती आली, घालून आरशासमोर उभी राहिली. हात वर करून बघितले, जसे फळ्यावर लिहिताना करतात.

"मॅडम, खांदा जरा मोठा आहे."

मोठा होताच. पण खांद्याला हात लावणं माझं काम नव्हे. ते फक्त अण्णालाच येत होतं.

"आतून स्वेटर घाल," मी म्हटलं. "मग बसेल."